तिसऱ्या डब्याला कंपनीच नव्हती

हे ऐकीव नाही. माझ्यासोबत घडलंय.

जागा दिग्रसची. कापसाची एक जिनिंग मिल. नाव सांगणार नाही, कारण ती मिल आजही सुरू आहे.

आणि वेळ रात्रीची नव्हती. गेल्या वर्षीची महाशिवरात्र, टळटळीत दुपार. सुट्टीमुळे मिल बंद. एरवी जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं त्या दिवशी पत्र्यावरची कबुतरं ऐकू येत होती.

मी अंकुर. यवतमाळचा. सर्व्हर बसवायची कामं करतो. या मिलच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सर्व्हरमधून एका स्टोरेजमध्ये जायचं. स्टोरेज म्हणजे डिस्कांनी भरलेला लोखंडी डबा. तो भरत आला होता, म्हणून मालकानं दुसऱ्या कंपनीचा नवा डबा घेतला. जुना आणि नवा, दोन्ही त्याच सर्व्हरला जोडायचे होते.

नव्या डब्यासोबत त्या कंपनीनं पुसदचा एक माणूस पाठवला. जीवन. आमची पहिलीच भेट.

आमच्या धंद्यात दोन कंपन्यांचे डबे एका सर्व्हरवर आले की भांडण ठरलेलं. काही अडलं की बोट समोरच्याकडे. आमचंही तेच सुरू झालं.

"भाऊ, तुमच्या जुन्या डब्याचं सॉफ्टवेअर माह्या डब्याले दिसूच देऊन नाही राह्यलं."

"जुना वर्षभरापासून बरोबर चालू हाय. तुमचाच नवा नखरे करून राह्यला."

शेवटी जमलं. मी यादी उघडली. प्रत्येक डब्याची एक ओळ, पुढं त्याच्या कंपनीचं नाव. दोन ओळी यायला हव्या होत्या.

तीन आल्या.

तिसऱ्या ओळीत कंपनीची जागा... कोरी होती.

"एकच डबा दोन वायरींवरून दोनदा दिसत असन," जीवन म्हणाला. तसं होतं कधीकधी. म्हणून आम्ही दोन्ही डब्यांच्या सगळ्या वायरी काढल्या. दोन ओळी गेल्या.

तिसरी राहिली.

डबेही बंद केले. पंखे थांबले. खोली एकदम शांत.

तरी कुठंतरी एक डिस्क फिरत होती. बारीक, खरखर करत... भिंतीतून यावा तसा आवाज.

मी जीवनकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. आमच्या दोघांच्या मनात एकच होतं. यानं काहीतरी लपवून जोडलंय.

मी ती ओळ उघडली. आत एकच चित्र. चालू कॅमेऱ्याचं. कोपऱ्यात आजची तारीख, आत्ताची वेळ.

सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं गोदाम. छतापर्यंत सरकीचा ढीग. ढिगाच्या पायथ्याशी एक बाई, हिरवी साडी, तोंडाला फडकं बांधलेलं, पाठ आमच्याकडे.

"सुट्टी हाय ना आज?" जीवन हळू आवाजात म्हणाला. "मंग ही कोन?"

मी जीवनला फोन लावला आणि तो चालू ठेवून गोदामाकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. उघडलं...

गोदाम रिकामं. झाडून ठेवलेलं. सरकीचा ढीग तर नाहीच, वर कॅमेरासुद्धा नव्हता.

"जीवनभाऊ, इथं कोनीच नाही. सरकी पन नाही."

"काहून मजाक करता? ढीग तसाच हाय. बाई पन तिथंच हाय."

"अन् मी?"

फोनमधून माउसच्या टिचक्या ऐकू आल्या.

"तुमीच दिसून नाही राह्यले."

मला राग आला. जुनं रेकॉर्डिंग लावून, वेळ बदलून हा मला मूर्ख बनवतोय. मी परत येऊन त्याला म्हटलं, आता तू जा, मी बघतो.

तो गेला. मी पडद्यावरून नजर काढली नाही.

"पोचलो," तो फोनवर म्हणाला. "रिकामंच हाय."

पडद्यावर तो नव्हता. बाई मात्र ढिगावर चढायला लागली होती. वर कुठंतरी पाहत, कोणी हाक मारल्यासारखी.

मग तिच्या पायाखालची सरकी सरकली.

गुडघे गेले. कंबर गेली. तिनं हात वर केले. चित्राला आवाज नव्हता.

आवाज फोनमधून आला. सरसर... सरसर... पोतं उलटं केल्यासारखा.

"अंकुर, कोनी सरकी ओतून राह्यलं काय?" जीवन ओरडला. "मले दिसून काहीच नाही राह्यलं! पाय उचलून नाही राह्यला माहा!"

"पळ! बाहेर ये!"

तो आला तेव्हा धापा टाकत होता. दोन्ही बूट काढून त्यानं उलटे केले.

सरकी पडली. मुठीत मावणार नाही इतकी.

मी वळून पाहिलं. तिसरी ओळ गेली होती. तो आवाजही नव्हता.

आमचा आरडाओरडा ऐकून चौकीदार आला. उकंडाभाऊ, झरी जामणीकडचे. आम्ही जसं पाहिलं तसं सांगितलं. ते मधे एकदाच बोलले.

"साडी कोन्ती होती?"

"हिरवी."

ते दाराला टेकून खाली बसले.

"पंचफुला," ते म्हणाले. "माही बहीन. मागच्या हंगामात इथंच कामाले होती. मालक म्हने, कोनासंग तेलंगणात पयून गेली. मले पटलं नाही. म्हून तर इथं चौकीदारी धरली."

आम्ही जुना डबा पुन्हा जोडला आणि पंचफुला नाहीशी झाली ती तारीख शोधली. आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग होतं, नंतरच्याही. त्या दिवसाचं नव्हतं. मालकाला विचारलं तर म्हणाला, "डिस्क खराब झालती." डिस्क मी स्वतः तपासली होती. चांगली होती.

उकंडाभाऊंसोबत आम्ही ठाण्यात गेलो. पोलिसांनी गोदाम पाहिलं, फरशी ठोकून पाहिली, सर्व्हर पाहिला. दोनच ओळी. त्या हंगामातली सरकी केव्हाच तेलाच्या गिरणीत गेली होती. काही सापडलं नाही. उकंडाभाऊंनी चौकीदारी सोडली, पण ठाण्याच्या चकरा अजून सोडल्या नाहीत.

पावसाळ्यात जीवनचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"अंकुर, खरं सांग. ते तूच केलंतं ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो म्हन ना, यार. तूच केलं म्हन. मी रागावत नाही. मले झोप येऊन नाही राह्यली."

मी काहीच केलं नव्हतं. उलट मीच कितीदा स्वतःला समजावलं होतं, की हे त्यानं केलं असेल.

"हो," मी म्हणालो. "मीच केलं."

त्यानं मला पोटभर शिव्या दिल्या. मग हसला. बराच वेळ हसत होता.

त्याला त्या रात्री झोप लागली असेल.

मी मात्र आता कोणाला विचारू?