पिठाआडचा चेहरा

वरसे गावच्या पिठाच्या गिरणीत त्या सकाळी दिपिकाचा डबा रांगेत मागे गेला, आणि एक जुनी रीत मोडली.

रीत अशी, की दिपिकाला कुठेच थांबावं लागत नसे. रूपच तसं होतं. रिक्षावाला तिच्यासाठी भर रस्त्यात वळायचा, बँकेत कुणीतरी खुर्ची सोडायचं. रोह्याच्या ज्या साडीच्या दुकानात ती कामाला होती, तिथल्या शेठने तर तिला काउंटरमागे न ठेवता दारातच उभं केलं होतं. गिरणीतही बायकांनी हसत वाट दिली. पण गिरणीवाल्याने तिचा डबा उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला.

“अहो, मला दुकान गाठायचंय!”

“व्हय. बायजाकाकूंना पण खांबची एसटी गाठायचीय. त्या आधी आल्यात.”

तिने रागाने वर पाहिलं... आणि तिला हसूच आलं. माणूस भुवया-पापण्यांसकट पांढराफटक. दिसत होते ते फक्त दोन डोळे, आणि तेही तिच्याकडे नाही, पडणाऱ्या पिठाकडे. हे तिला नवीन होतं.

त्याचं नाव प्रविण. त्यानंतर दिपिकाच्या घरी पिठाला तोटा राहिला नाही. तांदळाचं झालं, नाचणीचं झालं, बाजरीचंही झालं. शेवटी आई म्हणाली, “अगो, आपण भाकऱ्या खातो का विकतो?”

गिरणीच्या घरघरीत मोठ्यानेच बोलावं लागतं, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं साऱ्या रांगेला फुकटात ऐकायला मिळे.

“तुम्ही तोंड कधी धुता हो?”

“सणासुदीला.”

“मग दसऱ्याला येते बघायला!”

“नका येऊ. पिठातच बरा दिसतो मी.”

दिपिकाने मात्र मनातल्या मनात त्याला एक चेहरा देऊनच टाकला होता — धारदार नाक, रुंद कपाळ, हिरोला शोभेल असा.

मध्येच पेणहून आदर्शचं स्थळ आलं. गोरापान, रुबाबदार, केसांवर गॉगल. घरचे हरखून गेले. त्याच्या भेटीआधी दिपिका पार्लरमध्ये गेली, तिथलं कुठलंसं क्रीम अंगाशी आलं, आणि सकाळी तोंड भोपळ्यासारखं सुजलं. लाल चट्टे, डोळ्यांच्या नुसत्या फटी! शेठ म्हणाला, “बरं वाटेपर्यंत घरीच बस.” पेणहून निरोप आला, “सध्या राहू दे.” रिक्षा थांबेना.

गिरणीतही कुणी सरकेना. ओढणी तोंडावर ओढून ती शेवटी उभी राहिली.

“आज नाचणी व्हय?” प्रविणने डबा घेत विचारलं.

“मला... ओळखलं तुम्ही?”

“म्हणजे काय!”

ओढणी बाजूला झाली. प्रविणने पाहिलं, आणि हात लांबवून चक्की बंद केली. रांग कुरकुरली. त्याला हळू आवाजात बोलायचं होतं, एवढंच.

“लय दुखतंय का? बसा. माठातलं पाणी देतो.”

तेव्हा कुठे दिपिका रडली. आरशासमोरही आलं नव्हतं असं रडू. पाणी पिऊन ती निघाली, पण आभार मानायचे राहूनच गेले.

सूज उतरली. चेहऱ्याबरोबर रिक्षा परत आली, दुकानाचं दार परत मिळालं. पेणहूनही निरोप आला, “येत्या रविवारी बोलणी करू.”

त्याच आठवड्यात ती मैत्रिणीसोबत, नम्रतासोबत, पेणच्या बाजारात गेली. पापडाच्या दुकानासमोर इस्त्रीच्या शर्टातला एक सावळा, किरकोळ माणूस तिच्याकडे पाहून हसला आणि त्याने हात वर केला. असे हसणारे तिने पैशाला पासरी पाहिले होते.

“ओळख ना पाळख, हसताय काय?”

हात खाली आला. तो गर्दीत निघून गेला.

“अगो, असं काय बोललीस?” नम्रता म्हणाली. ती प्रविणच्याच आळीतली. “आपला गिरणीवाला ना तो!”

दिपिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं सुजलेलं तोंड त्याने ओढणीआडून ओळखलं होतं, आणि तिला मात्र त्याचं धुतलेलं तोंड भर उन्हात ओळखता आलं नव्हतं!

घरी येताच तिने आईला सांगितलं, “आदर्शला नाय म्हणून कळव.”

“येड लागलं काय गो? एवढा देखणा पोरगा!”

“देखणा हाय ना. माझं तोंड सुजलं तेव्हा कुठं होता?”



दुसऱ्या सकाळी प्रविणने वर न बघताच म्हटलं, “डबा ठेवा.”

“डबा नाय आणला!” गिरणी चालूच होती, तिला ओरडावंच लागलं. “काल चुकलं माझं! आणि त्या दिवशीचे आभार राहिलेत! मला असं... रूप बाजूला ठेवून आजवर कुणी वागवलंच नव्हतं!”

बायजाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

“सांगितलं व्हतं ना,” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “पिठातच बरा दिसतो.”

“पेणला नाय म्हणून कळवलंय मी.”

त्याचा हात थांबला. “का?”

“आधी तोंड धुऊन या. मग सांगते.”

तो नळावरून आला. पाणी निथळत होतं, कान लाल झाले होते. दिपिका बघतच राहिली. नाक बसकं, हनुवटीवर जुना व्रण, कान चांगलेच मोठे. तिने दिलेल्या चेहऱ्यातलं काहीच जुळेना, आणि तरी हा समोर आहे याचं तिला इतकं बरं वाटलं, की देवाला मनोमन हात जोडावेसे वाटले.

“काय बघताय एवढं?” त्याने लाजून विचारलं.

“पाठ करतेय,” ती म्हणाली. “आता जन्मभर हाच चेहरा ओळखायचाय मला.”