नवव्या भागातलं दार

रविवारी दुपारी नवव्या भागातलं दार उघडलं आणि दारात एक बाई उभी राहिली.

त्यानंतर मंडळाने बहुमताने ठराव केला की दार उघडलं नाही, आणि बाई तर मुळीच नव्हती. ठराव मंजूर झालेला आहे. तेव्हा वाचकांनीही वरचं वाक्य वाचलेलं नाही असं धरून चालावं. आपण सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी सकाळी गुप्तहेराच्या घराची बेल वाजली. दार त्याच्या सासऱ्यांनी उघडलं. माजी सासऱ्यांनी. घटस्फोट झाला तेव्हा बायकोने फ्रिज नेला आणि वडील राहून गेले. गुप्तहेराला अजून कधीकधी फ्रिजची आठवण येते.

"जावईबापू, गिऱ्हाईक आलंय," मामा म्हणाले. सासऱ्यांना तो आधीपासून मामाच म्हणायचा. कोर्टाने त्यावर काही निर्णय दिला नव्हता. "चांगलंच घाबरलेलं आहे. फी जरा चढी सांगा."

गिऱ्हाईक म्हणजे चौकातले चष्मेवाले. दुकानामागच्या खोलीत ते 'शून्य चौकी प्रेमी मंडळ' चालवायचे. 'शून्य चौकी' ही टीव्हीवरची फार जुनी अंतराळमालिका. कृष्णधवल, एकूण तेरा भाग. मंडळात उरलेले सभासद चार. बाकीचे वारले किंवा आजोबा झाले.

"मी सगळी पाहिलीये," मामा खुलले. "दर आठवड्याला नवा राक्षस. एक तर पायपुसण्याचाच केलेला होता. वळताना त्याची 'सुस्वागतम' लिहिलेली बाजू दिसली होती."

"आणि नववा भाग?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

मामांचा चेहरा उतरला. "तो टुकार. तिघं अंतराळवीर बंद दारासमोर बसलेले. बाहेरून कोणीतरी टकटक करतंय. हे आपले उघडू की नको, उघडू की नको. मग टकटक थांबते आणि समाप्त. आमच्या शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी टीव्ही विकायला काढला."

"तो भाग," चष्मेवाले म्हणाले, "काल बदलला."

हकिगत अशी होती. एक चित्रपट-संग्रहालय 'शून्य चौकी'ची रिळं जपायला तयार झालं होतं. पण त्यांच्या कपाटात बाराच डबे बसत होते. एक भाग वगळायचा, आणि वगळलेला भंगारात जायचा. दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. कोणता वगळायचा हे सगळ्यांना माहीत होतं. तरी पद्धत म्हणून रविवारी नववा भाग शेवटचा एकदा लावला. त्यानंतर चर्चा आणि मतदान.

"टकटक थांबली. आता समाप्त येणार, म्हणून मी पायाने चपला चाचपडायला लागलो. आणि दार उघडलं. आवाज एकदम गेला. मशीनची घरघर तेवढी. दारात एक बाई, अंगात फिकट कोट. ती अंतराळवीरांकडे बघत नव्हती हो. सरळ आमच्याकडे. मग तिने एक पाऊल उचललं आणि पडदा पांढरा झाला."

"पाऊल टेकवलं?"

"नाही. म्हणून तर झोप नाही. ते कुठे टेकेल, हाच विचार करतोय कालपासून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ठराव."

त्यालाही कारण होतं. संग्रहालयाच्या अटीप्रमाणे एका जरी रिळाशी छेडछाड झालेली आढळली, तरी सगळेच डबे परत येणार होते. न्यायला गाडी उद्या सकाळी.

"आणि भूत निघालं तर?" मामांनी विचारलं.

"अटींत भुताचा उल्लेख नाही. भूत चालेल." चष्मेवाल्यांनी हात जोडले. "काय ते शोधून काढा. आणि जमलं तर भूतच काढा."

मागच्या खोलीत भिंतीवर नजर तपासायचा तक्ता होता, त्यावर पडदा सोडलेला. त्यामुळे अंतराळाच्या खालून अक्षरांच्या दोन बारीक ओळी कायम दिसत. रिळांच्या कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला लटकत होती.

"अशी उघड्यावर?"

"चौघांनाही सापडायला हवी ना."

मशीन चालवणारा ऑपरेटरही सभासदच, सिनेमागृहातून निवृत्त झालेला. "मी फिल्म लावतो आणि झोपतो," तो म्हणाला. "घरघरीत छान लागते. भागाचा आवाज गेला, तशी जाग आली. बाई बघितली. करडा कोट होता. मला वाटलं, आपल्याला उठवायला आली."

त्याने रिळाचं शेवटचं टोक उलगडून दाखवलं. एका जागी जोड होता.

"हे माझं काम नाही. मी फिल्मच्या सिमेंटने जोडतो. ही पुस्तकांना लावायची चिकटपट्टी आहे, लाजच वाटते. कापलंय मात्र बघा कसं. अगदी काटकोनात."

मामांनी वाकून वास घेतला. "आंबलंय."

"जुनी फिल्म आंबतेच."

मामा जोडाच्या पुढच्या तुकड्यावर वाकले आणि लागोपाठ तीनदा शिंकले.

"डांबराच्या गोळ्या," गुप्तहेर म्हणाला. मामांना त्या सोसत नसत. मामांमुळे गोळ्या ठेवता येत नसत, म्हणून घरात कपड्यांना कसर लागायची आणि हा मुद्दा घटस्फोटाच्या अर्जातही होता.

"भुताला डांबराचा वास कसा?" मामांनी नाक पुसत विचारलं.

"कपाटात राहत असेल," गुप्तहेर म्हणाला.

मंडळातल्या शिंपीणकाकूंचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. नवव्या भागाची बाजू घेणाऱ्या त्या एकट्याच. साहजिकच सगळ्यांचा संशय त्यांच्यावर होता, आणि त्यांना ते माहीत होतं.

"या, बसा. बेड्या आणल्यात की मी शिवू?" त्या म्हणाल्या.

"काकू, लोकांना न आवडणाऱ्या भागात तुम्हाला काय आवडतं?"

काकूंनी मशीन थांबवलं. "बाकी बारा भागांत राक्षस येतो. आला की कळतं, हे पायपुसणं आहे. नवव्यात कोणी येत नाही, म्हणून तो एकच खरा. दाराबाहेर कोण असेल ते मी वयाप्रमाणे बदलत आलेय. लहान होते तेव्हा राक्षस होता. नंतर आई होती. आता कधीकधी वाटतं, मीच असेन. आणि मंडळातले आमचे मास्तर म्हणतात, प्रश्न घातला आणि उत्तर दिलं नाही, शून्य गुण! अहो, उत्तर दिलं की प्रश्न मरतो."

"मग काल दार उघडलं तेव्हा?"

"रडले. भुताला घाबरून नाही. माझा भाग मारला कोणीतरी."

मामा एव्हाना कपड्यांच्या ढिगाऱ्यात आरामात बसले होते. शिंक नाही की काही नाही.

"डांबराच्या गोळ्या वापरता?" गुप्तहेराने विचारलं.

"कशाला? इथे कपडा चार दिवस टिकत नाही, गिऱ्हाईक ओढून नेतं. डांबर लागतं ते न नेलेल्या कपड्यांना."

चौथे सभासद मास्तर. आयुष्यभर भूमिती शिकवलेली. घरात एकटेच. टेबलावर गुण्या, पट्टी, पेन्सिली, सगळं कडेला समांतर. भिंतीशी लाकडी कपाट, आणि त्याच्या दाराच्या फटीत कापडाची एक पिवळी कड चिमटली होती. त्या खोलीत तेवढीच एक गोष्ट वाकडी होती.

मामा आत पाऊल टाकताच शिंकले.

"नववा भाग भंगारात टाका!" मास्तरांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "चाळीस वर्षं ओरडतोय मी. माणसांना बसवून ठेवायचं, टकटक ऐकवायची आणि दार उघडायचं नाही? ही काय रीत झाली?"

"काल तर उघडलं म्हणे."

"नाही उघडलं. ठराव वाचा."

"ठरावाच्या आधी?"

"होती कोणीतरी बाई. पिवळा कोट घालून अंतराळात कोण फिरतं? सगळा मूर्खपणा."

"खरंय," मामा म्हणाले. "पिवळा फार लवकर मळतो." आणि पुन्हा शिंकले. "मास्तर, ते कपाट जरा उघडता का? हवा लागू दे."

"ते दार उघडत नाही," मास्तर म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "अडकतं."

संध्याकाळी चौघंही मागच्या खोलीत जमले. पडदा सोडलेला होता. चष्मेवाले पडद्याकडे पाठ करून बसले होते. पाऊल तिथे टेकलं असतं तर त्यांना बघायचं नव्हतं.

"भूतच ना?" त्यांनी आशेने विचारलं.

"थोडंफार," गुप्तहेर म्हणाला. "पण आधी छेडछाड. जोडलेल्या तुकड्यात त्याच तीन अंतराळवीरांचे खांदे दिसतात, तेच दार दिसतं. म्हणजे तो त्याच दिवशी चित्रित झाला. आवाज नाही, कारण आवाज नंतर चढवतात आणि त्याआधीच हा तुकडा कापून टाकला गेला. भागात दार उघडणारच होतं. कोणीतरी शेवटी विचार बदलला. कापलेला तुकडा कोणीतरी घरी नेला आणि कपड्यांत जपला. म्हणून डांबराचा वास."

"कपड्यांत," चष्मेवाले काकूंकडे बघत म्हणाले.

"काकूंच्या दुकानात मामा शिंकले नाहीत. ऑपरेटरने चिकटपट्टी वापरली नसती. तुम्हीच केलं असतं, तर माझी फी भरली नसती. आणि वास सोडा, तुमची इतक्या वर्षांची चर्चाच पुरे आहे. तुम्ही धरून चाललात की ज्याला भाग आवडतो, तोच काहीतरी करून तो वाचवेल. पण काकूंना तो आवडतो, तो दार उघडत नाही म्हणून. त्या कशाला उघडतील? दार उघडणार तो, ज्याला ते बंद राहिलेलं सहन होत नाही. या खोलीत चाळीस वर्षं एकच माणूस तसं ओरडतोय."

कोणी मास्तरांकडे बघितलं नाही. खोली लहान होती, त्यामुळे ते फार अवघड गेलं.

"चष्मेवाल्यांना कोट फिकट दिसला, ऑपरेटरला करडा. मालिका कृष्णधवल आहे. मास्तर, तुम्हाला तो पिवळा कसा दिसला?"

"पण जावईबापू, कोट पिवळाच आहे," मामा मध्येच म्हणाले. "मी स्वतः पाहिला, मास्तरांच्या कपाटाच्या..." ते थांबले. आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शोधून काढलं, हे लक्षात येऊन त्यांना वाईट वाटलं.

मास्तरांनी हातातली टोपी मांडीवर सरळ केली.

"आमची ही त्या मालिकेच्या कपडेपटात होती," ते म्हणाले. "दारात उभी करायला बाई हवी होती, हिला केलं. कोट हिनेच शिवला. सगळ्या गल्लीला सांगून आली. भाग लागला त्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. टकटक सुरू झाली, तशी माझा हात धरून म्हणाली, 'आता बघा हं.' आणि भाग संपला. लोक मुकाट्याने उठून गेले. हीच म्हणाली, 'बरं झालं बाई, कोट खांद्यात नीट बसला नव्हता.' पुन्हा कधी विषय काढला नाही. मीच काढत राहिलो. इथे येऊन."

"आणि तुकडा?" काकूंनी विचारलं.

"गेल्या वर्षी ही गेल्यावर कोटाच्या खिशात सापडला. उजेडात धरला की ती उभी दिसते. नुसती उभी. चालताना बघायचं तर मशीन लागतं. भाग भंगारात जाणार होता, मग म्हटलं, जाता जाता एकदा. सांगून ठेवलं होतं ना तिने लोकांना, मी दिसणार म्हणून. चार तर चार."

"तोंडाने मागायचं होतंत, मास्तर."

"ज्याला जन्मभर टुकार म्हटलं, तो माझ्यासाठी लावा म्हणून? हसला असतात."

"हसलोच असतो," काकू म्हणाल्या. "मग लावला असता."

चष्मेवाले अजून पडद्याकडे पाठ करूनच होते. "वहिनींनी जन्मभर चष्मा माझ्याकडून नेला," ते पुटपुटले. "बिनचष्म्याच्या मी ओळखल्याच नाहीत. पण मास्तर, त्या आमच्याकडे का बघत होत्या?"

"तुमच्याकडे नाही. चष्मा काढायला लावला होता. तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं."

रीळ सकाळी जायचं तर तुकडा काढणं भाग होतं. "काढतो," ऑपरेटर म्हणाला. "पण काढण्याआधी तपासावं लागतं." असं कुठेही लागत नाही. कोणी हरकत घेतली नाही.

दार उघडलं. घरघर. कोट खरंच खांद्यात नीट बसला नव्हता. तिने कुठेतरी पलीकडे बघत पाऊल उचललं, आणि मास्तरांचा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गेला.

पडदा पांढरा झाला. बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

"मास्तर," काकू अंधारात म्हणाल्या, "भाग बिघडवलात माझा. आता बाहेर कोण आहे ते मला कायमचं कळलं."

"मग?"

"मग काय. बरी आहे. राहू दे."

मतदानात नववा भाग एकमताने राहिला. मास्तरांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. पायपुसण्याचा वगळला गेला. तो भंगारात जाऊ नये म्हणून मामांनी डबा घरी आणला आणि फ्रिजच्या जागी ठेवला. तुकडा पुन्हा कोटाच्या खिशात गेला. त्यासाठी मास्तरांना कपाट उघडावं लागलं. दार अडकत नव्हतं.

दार उघडलं नाही, हा ठराव कायम आहे. मात्र गाडी जाण्यापूर्वी डब्यासोबत मंडळाने पुढील अर्ज जोडला:

*प्रति, निर्मिती विभाग, शून्य चौकी (विभाग बंद झाला असल्यास जे कोणी असतील ते).*

*महोदय, नवव्या भागाच्या अखेरीस दाराबाहेर एक महिला बऱ्याच काळापासून उभी असून तिचा एक पाय उचललेला आहे. तरी आतील तिन्ही अंतराळवीरांना योग्य त्या सूचना देऊन सदर महिलेस आत घेण्यात यावे. तिला समोरचे दिसत नसल्याने उंबरठ्याची कल्पना आधी द्यावी, ही विनंती.*

*सोबत : चष्मा, एक.*