दुखरा पाय आधी

जिना

गुडघ्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद!

अंकिताच्या मस्तकात तिडीक गेली. एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात आईचा दंड. मंगळवेढ्याहून एसटीनं आलेली मुक्ताबाई जिन्याकडं अशी बघत होती, जशी कोरडी विहीर बघावी.

"कुठल्या शहाण्यानं हे बांधलंय?" अंकिता कडाडली. "इथं गुडघे बरे करतात की येणाऱ्यांचे मोडून ठेवतात?"

तिसऱ्या पायरीवर बसून एक तरुण कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होता. त्यानं कडाकन तुकडा मोडला.

"मी रोज हेच विचारतो. तुम्ही वर जाऊन विचारा. तुमचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो."

"तुम्ही कोण?"

"इंद्रजीत. इथला फिजिओथेरपिस्ट."

"मग जिन्यात काय करताय?"

"लिफ्ट बंद आहे ना... पेशंट वर न्यायला बसलोय." हात झटकून तो उठला. "मावशी, कठडा धरा. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी."

"आन् दोनी दुखत असतील तर रं?"

"मग जो कमी भांडतो, तो आधी."

मुक्ताबाई हसली. खुदकन. अंकिताला ते हसू ओळखू यायला क्षणभर लागला, इतकं ते जुनं होतं. आणि मग तिला आणखीच राग आला. मी दोन वर्षं जीव टाकतेय आणि हा चटणी खाणारा माणूस एका वाक्यात...

गोळी

वरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला, म्हणाले, "वय झालं," आणि गोळ्या लिहून दिल्या.

वय! अंकिताचे वडील गेल्यापासून मुक्ताबाईनं पाटावर बसून कडक भाकऱ्या थापून विकल्या होत्या. पहाटेपासून मांडी घालून, चुलीपुढं. त्या भाकऱ्यांवर अंकिता शिकली, जुळे सोलापुरात शाळेत मास्तरीण झाली. ते गुडघे वयानं नव्हते झिजले. कुणापायी झिजले, ते अंकिताला पक्कं माहीत होतं. म्हणून तर ती सगळ्या जगावर चिडायची. जगावर चिडणं सोपं.

"पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो, या गोळ्या रोज नकोत," इंद्रजीत म्हणाला. "फार दुखेल तेव्हाच, तेही डॉक्टरांना विचारून. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. तीन महिने व्यायाम करू. थोडी वाट बघू."

"आणि ऑपरेशन?"

"वेळ आली तर तेही करायचं. चांगलं असतं. पण आज लगेच नको."

"वेळ कधी येणार? आई रांगायला लागल्यावर?"

"तुम्ही नेहमीच अशा बोलता, की आज काही विशेष?"

"विशेष तुम्ही आहात," ती फणकारली. वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं, ते कसं ऐकू आलं असेल. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मूर्ख.

चुंबळ

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, असा व्यायाम होता. मुक्ताबाईनं टॉवेल बाजूला सारला आणि पिशवीतून चुंबळ काढली. डोक्यावर घागर ठेवताना खाली घेतात ती, लुगड्याची.

"ही बरी हाय. हिला माझं वजन म्हाईत हाय."

इंद्रजीत इतका खूश झाला, की दुसऱ्या पेशंटांनाही चुंबळ आणायला सांगू लागला. मुक्ताबाई आता लेकीकडंच राहिली होती. दर रविवारी तो जुळे सोलापुरात त्यांच्या घरी येऊन व्यायाम बघून जायचा. अंकिता दार उघडायची, कपाळाला आठी घालून.

"आज कुणावर चिडलाय?"

"रिक्षावाल्यावर."

"मागच्या रविवारी?"

"तुमच्यावर."

"मग आज माझा नंबर का नाही?" तो खरंच खट्टू झाल्यासारखा म्हणाला.

ती चहा ठेवायला आत पळाली. आलं ठेचताना लक्षात आलं, की आपण कारणाशिवाय जास्तच ठेचतोय.

सुई

सांध्यात इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुक्ताबाई "नगं" म्हणाली.

हा उपाय इथंच संपला.

बिब्बा

अंकिताचा धीर सुटला. महिना झाला तरी आई रात्री कण्हत होती. इंद्रजीतला न सांगता ती दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात गेली आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आली. आईला फक्त कळवलं.

तारखेच्या आदल्या आठवड्यात दोघी तपासणीला गेल्या, तेव्हा सर्जनांनी लुगडं वर करायला सांगितलं... आणि थबकले. दोन्ही गुडघ्यांवर काळे डाग, भोवती फोड, पाझरणारं पाणी. बिब्बा! दुखऱ्या सांध्याला त्याचं तेल लावतात, ते. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत ऑपरेशन नाही, असं स्पष्ट सांगून त्यांनी मलम लिहून दिलं.

रविवारी इंद्रजीत दारात आला आणि अंकिता त्याच्यावर तुटून पडली.

"थोडी वाट बघू! बघा, काय झालं वाट बघून! साधं विचारता नाही आलं, घरी काय लावता म्हणून?"

"विचारलं होतं." त्याचा आवाज कोरडा पडला. "मावशी, दर रविवारी विचारलं ना मी, बाहेरचं काही लावत नाही ना?"

"मग? न्हाई म्हनलं की मी." मुक्ताबाई आतून म्हणाली. "बाहेरचं कुटं हाय? घरातलाच बिब्बा व्हता. माझ्या पेटीतला."

अंकिताला आधी हसू आलं, मग रडू.

"का गं आई? का?"

"तुज्या तारखेपायी." आता मुक्ताबाईचाही आवाज चढला. "दुखायचं थांबलं तर आप्रेशन टळंल, म्हनून. त्यात म्हनं गुडगा बदलला की मांडी घालाय येत न्हाई. पाटावर बसू न्हाई शकत. मग मी भाकरी कशी थापू? मला इचारलं कुनी? हा बी न्हाई, तू बी न्हाई. सगळी माझ्या गुडग्याशी बोलत्यात!"

अंकिता खाली बसली. जमिनीवर. मांडी घालून. किती सहज जमलं तिला ते.

ओटा

जखमा वाळायला बरेच दिवस गेले. तारीख रद्द झाली. ऑपरेशन आत्ता नाही; पुढं कधी करायचं ते मुक्ताबाई स्वतः ठरवणार.

इंद्रजीतनं एक भक्कम टेबल आणलं. मुक्ताबाईच्या कमरेएवढं. वर परात, शेजारी शेगडी, मागं टेकायला उंच स्टूल.

"उभ्यानं भाकरी थापणारी बाई बघितलीस का रं कुटं?" मुक्ताबाईनं नाक मुरडलं.

"आता बघेन की."

पहिली भाकरी फाटली. दुसरी वाकडी झाली. मुक्ताबाईनं टेबलाला शिव्या दिल्या, इंद्रजीतला दिल्या, लेकीला दिल्या. तिसरी भाकरी परातीत गरागरा फिरली, आणि शिव्या आपोआप थांबल्या.

दुखणं गेलं नव्हतं. पण महिन्याभरानं खुर्चीतून उठताना तिला मांडीवर हात टेकावे लागत नव्हते.

जिना, पुन्हा

लिफ्ट अजून बंदच. मुक्ताबाई वर तपासणीला बसली होती. अंकिता तणतणत जिना उतरत होती, मागून इंद्रजीत.

"आज कुणावर?"

"लिफ्टवर. तुमच्यावर. स्वतःवर..." ती थांबली, पण वळली नाही. "उतरताना कुठला पाय आधी?"

"दुखरा."

"मग ऐका. आईचे गुडघे माझ्यापायी गेले. म्हणून मला घाई होती. तिचं दुखणं नव्हतं पुसायचं मला, माझं पुसायचं होतं. आणि तुम्ही शांत राहता, त्याचा मला फार राग येतो. रोज येतो. रविवारी तुम्ही आला नाहीत, तर जास्त येतो..."

मागं पावलं वाजली नाहीत. तिनं वळून पाहिलं. तो कठडा धरून उभा होता, पहिल्यांदा जिना चढणाऱ्या पेशंटसारखा.

"अंकिता," तो म्हणाला. आजवर कधी नुसतं नाव घेतलं नव्हतं त्यानं. "माझ्याशी लग्न करशील?"

तिनं एक्स-रेचं पाकीट छातीशी धरलं. मग अगदी त्याच्याच आवाजात, त्याच्याच चालीत म्हणाली, "थोडी वाट बघू."

"वाट?" इंद्रजीत ओरडला. आख्ख्या जिन्यात आवाज घुमला. "अजून? मला मांडीत ताकद नकोय, मला उत्तर हवंय!"

त्याला राग आला होता. खराखुरा. गाल लाल, नाकपुड्या फुगलेल्या.

अंकिता कठड्यावर रेलून हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एक पायरी वर चढली. चांगला पाय आधी.

वरून मुक्ताबाईची हाक आली, "काय गं, पुन्ना भांडाय लागलीस व्हय?"

"मी नाही आई," अंकिता म्हणाली. "आज हे."