धास्तीचे सोळा रुपये

मिरजेत नसीमा मुजावर यांच्या बेकरीत चहात बुडवून खायच्या बटरची पिशवी ऐंशी रुपयांवरून एकशे चोवीसवर गेली, तेव्हा निवृत्त शिक्षक चौगुले सरांनी पिशवीवर कारणदर्शक धरला. हे हातात मावणारं यंत्र मालाच्या प्रत्येक व्यवहाराचा माग काढून भाव का वाढला ते सांगे. सौरवादळात उपग्रह निकामी झाले, चार महिने जहाजं अडकली, आणि तेव्हापासून ते घरोघरी आलं होतं.

पडद्यावर अक्षरं उमटली. बाहेरून येणारं वनस्पती तूप, बारा रुपये. वाहतूक, सात. चार महिने थांबलेली गिऱ्हाइकं एकदम खरेदीला उतरली, त्याचे नऊ. आणि धास्ती, सोळा.

ज्या वाढीमागे खर्च किंवा टंचाई सापडत नाही, तिला यंत्र धास्ती म्हणे. सर पैसे मोजून पिशवी घेऊन गेले. नसीमाला मात्र ओशाळल्यासारखं झालं. पुढच्या महिन्यात मैदा महागेल म्हणून तिने आजच भाव चढवला होता, हे खरंच होतं.

दुपारी ती भूपालअण्णा मगदूम यांच्या मिलवर गेली. यंत्र धरलं तर त्यांच्या मैद्यातही धास्ती निघाली. अण्णांनी शांतपणे मागणीची वही पुढे केली. वादळानंतर तिने दुप्पट पोती मागवली होती; बाकीच्या बेकऱ्यांनीही तेच केलं होतं. ते पाहून अण्णांनी भाव वाढवला होता, आणि तो वाढला म्हणून तिने आणखी पोती भरली होती.

"म्हणजे मी तुम्हाला घाबरवलं आणि तुम्ही मला," नसीमा म्हणाली.

दोघांनाही हसू आलं. तिने गरजेपुरतीच पोती घ्यायचं ठरवलं, अण्णांनी भाव उतरवला, बाकीच्या बेकऱ्याही हळूहळू वळल्या. तीन आठवड्यांत पिशवी एकशे आठवर आली. तुपाचे, वाहतुकीचे आणि गर्दीचे रुपये तसेच राहिले, त्यावर कुणाचा इलाज नव्हता. पण दुकान पुन्हा गजबजलं आणि नसीमा समाधानाने भट्टीपाशी उभी राहू लागली.

एके सकाळी मैदा उतरवून घेताना अण्णांची नजर तिच्या रिकाम्या कोठीकडे गेली.

"भाभी, जहाजं पुन्हा थांबली तर?"

नसीमाने यंत्र उचललं. पडद्यावर धास्तीपुढे शून्य होतं. ते किती असायला हवं, हे मात्र तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तुम्हीच सांगा अण्णा," ती म्हणाली, "शहाण्या माणसानं किती घाबरावं?"