सिंधूबाईंचं ताटपत्र

लग्नाच्या पंगतीत आता कोणी कोणाला आग्रह करत नसे. पाहुणा दारात आला की त्याच्या मनगटावरची पट्टी वाचली जाई आणि थोड्या वेळाने त्याचं ताट आतून झाकून, नावाची चिठ्ठी लावून येई. शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाच्या ताटातला घास उचलणं असभ्य समजलं जाई. नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा तर आधी दोघांच्या पट्ट्या जुळवून पाहत.

त्या पट्टीत असे ते 'ताटपत्र'. बाळ वर्षाचं व्हायच्या आत त्याच्या रक्ताचा थेंब घेत. तुमचं शरीर कोणत्या अन्नाला शत्रू समजतं, कोणत्या अन्नाविरुद्ध लढणारी द्रव्यं रक्तात तयार आहेत, हे त्या थेंबातून कळे. शत्रूसमोर लाल खूण, मित्रासमोर हिरवी. मोठ्या माणसांचीही चाचणी गावोगावी शिबिरं घेऊन झाली होती. लाल खुणेचं अन्न त्या माणसाने खायचं नाही, आणि सोयीसाठी त्याच्या घरातही आणायचं नाही. अशाने खानदेशातल्या घराघरांतून शेंगदाण्याचा कूट गेला. दहा-अकरा वर्षांच्या मुलींना तो कसा लागतो हे माहीतही नव्हतं.

ही चाचणी शोधणाऱ्या डॉ. हेमांगी पाटसकर नाशिकच्या अन्नसहन संस्थेत काम करत. पूर्वी दरवर्षी काही मुलं शाळेच्या डब्यातल्या एखाद्या घासाने गुदमरून दगावत. ते जवळजवळ थांबलं होतं. रस्त्यात अनोळखी आया हेमांगीबाईंच्या पाया पडत. बाईंना ते आवडत नसे, पण खोटंही वाटत नसे.

एक दिवस संस्थेत त्यांना भेटायला अंमळनेरहून एक गृहस्थ आले. कमलाकर बोरोले. एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले नाहीत.

"मॅडम, मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "माझ्या हातून खून झाला का, तेवढं सांगा."

हेमांगीबाईंनी दार लोटून घेतलं.

बोरोल्यांची बायको सिंधू. तिच्या माहेरी भुईमुगाचंच शेत. लहानपणी ओच्यात शेंगा घेऊनच ती शाळेत जायची. लग्नानंतरही भाजीत कूट, भाकरीबरोबर दाण्याची चटणी, उपासाला लाडू. पन्नाशी उलटल्यावर गावात शिबिर झालं आणि तिच्या पत्रात शेंगदाण्यासमोर लाल खूण आली.

"त्या दिवसापासून तिने दाणा तोंडात घातला नाही," बोरोले म्हणाले. "नऊ-दहा वर्षं. बाई शिस्तीची होती. गेल्या हिवाळ्यात मेव्हण्याच्या शेतावर गेलो. त्याने बांधाला हौसेने भुईमुगाचे चार वेल लावलेले. शेंगा भाजल्या. तिला वास आला. ती नुसती बघत बसली, मागितल्या नाहीत. मीच म्हटलं, जन्मभर खाल्ल्यास, कधी शिंकसुद्धा आली नाही, दोन दाण्यांनी काय होणार आहे? मी सोलून तिच्या हातावर ठेवले."

पुढचं हेमांगीबाईंना माहीत होतं. ओठ सुजले असतील, घसा आवळला असेल. बोरोल्यांनी सांगितलंही तसंच. दवाखाना गाठायच्या आत ती गेली.

"मुलगी बोलत नाही माझ्याशी. नीलिमा. भुसावळला असते. ती म्हणते, पत्रावर लाल खूण दिसत असून तुम्ही आईला दिलंत. तिचं चुकत नाही. पण मला एक समजत नाही मॅडम, पन्नास वर्षं जे पचलं ते त्या दिवशी विष कसं झालं?"

"तपासून सांगते," हेमांगीबाई म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, आठवडाभराने दोन सांत्वनाच्या ओळी लिहून पाठवू. पण 'पन्नास वर्षं' हे शब्द त्यांच्या मनातून जाईनात, कारण ते त्यांनी पूर्वीही ऐकले होते. चाचणी नवी असताना लाल खूण आलेल्यांपैकी कितीतरी जण म्हणायचे, बाई, आम्ही हे रोज खातो, आम्हाला काही होत नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की त्रास अजून झालेला नाही, पुढे होईल. लाल खुणेची मर्यादा त्यांनी मुद्दाम खाली ठेवली. एक मूल सुटलं तर जीव जाणार. उलट दहा जणांना उगीच लाल खूण दिली, तर काय जाणार, चमचाभर कूट. हा हिशेब त्यांना इतका सरळ वाटला होता की तो त्यांनी पुन्हा कधी तपासला नाही.

शिबिरात घेतलेले रक्ताचे नमुने संस्थेने पेशी जिवंत राहतील अशा थंडीत जपून ठेवले होते. बाईंनी सिंधूबाईंचा नमुना काढला. आता त्यांच्याकडे नवं तंत्र होतं. त्यात लढणारी द्रव्यं तर दिसतच, शिवाय त्या द्रव्यांना आवरणाऱ्या पेशीही मोजता येत. बाई त्यांना 'ओळखपेशी' म्हणत. या पेशींचा पहारा मुख्यतः आतड्यात असतो, पण काही रक्तातही फिरतात. रोजचं अन्न आलं की त्या ते ओळखतात आणि बाकीच्यांना शांत राहायला सांगतात.

सिंधूबाईंच्या रक्तात लढणारी द्रव्यं होती. पण शेंगदाण्याच्या ओळखपेशी त्यांच्या कितीतरी पट होत्या. चाचणी झाली त्या दिवशी सिंधूबाईंनी पोटभर शेंगा खाल्ल्या असत्या, तरी त्यांना काहीही झालं नसतं.

बाईंनी इतरांचे नमुने काढले. मग आणखी. लाल खूण मिळालेल्या बहुतेकांचं तेच होतं. मग त्यांनी त्याच माणसांचं आताचं रक्त मागवलं. लढणारी द्रव्यं होती तशीच होती. ओळखपेशी मात्र जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. ओळखीचं अन्न वर्षानुवर्षं आलंच नाही, तेव्हा त्या पेशी विसरून गेल्या. चाचणी ज्या दिवशी केली त्या दिवशी ती चूक होती. लोकांनी ती पाळली, आणि पाळता पाळता ती खरी झाली.

संस्थेचे संचालक डॉ. टिळेकर यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते बाईंपेक्षा वयाने मोठे होते आणि चाचणीच्या पहिल्या दिवसापासून बरोबर होते.

"जाहीर करू," बाई म्हणाल्या. "माझ्या नावाने करू. चूक माझी आहे."

"कर. पहिल्या दिवशी लोक काय ऐकतील?"

"चाचणी चुकली होती, हे."

"आणि दुसऱ्या दिवशी काय करतील?"

बाईंनी समोरचे कागद पुन्हा उलटले.

"खातील," टिळेकर म्हणाले. "हौसेने खातील. इतक्या वर्षांचा राग काढायला म्हणून खातील. तू पुढे कितीही सांग की आता खाऊ नका, आता ते खरंच घातक झालंय. वाक्याचा दुसरा अर्धा भाग कोण ऐकतं, हेमांगी?"

"शरीराला पुन्हा शिकवता येतं. दाण्याच्या शंभराव्या भागापासून सुरुवात करून, दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

"प्रत्येकाला वर्ष-दीड वर्ष. किती लोकांना? कुठल्या दवाखान्यात?"

"निदान नव्या बाळांची चाचणी तरी थांबवू. आपण रोज नवे रोगी तयार करतोय."

"थांबवली की लोक विचारणार, का थांबवली." टिळेकरांनी चष्मा काढला. "मी तुला अडवत नाहीये. मला उत्तर सापडलं असतं तर मीच जाहीर केलं असतं. किती माणसं मरू द्यायची ते तू ठरव, मी सही करतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून बाईंना ते जास्त लागलं. त्या दिवसांत त्यांचं जेवणावरचं मन उडालं. त्यांच्या स्वतःच्या पत्रात एकही लाल खूण नव्हती. आपण सगळं खाऊ शकतो याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

जगाला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. पण एका माणसाला उत्तर देणं होतंच. एका सकाळी त्या अंमळनेरला गेल्या. बोरोल्यांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर सिंधूबाईंचा फोटो होता. डोक्यावर पदर, आणि फोटो काढणाऱ्यावर किंचित रागावलेली नजर.

"बोरोलेभाऊ, तुमच्या आगाराच्या फाटकावर वॉचमन असायचा ना?" बाईंनी सुरुवात केली.

"होता की. बाबुराव."

"तुम्हाला अडवायचा कधी?"

"मला कशाला अडवेल? रोजचा माणूस."

"तुम्ही दहा वर्षं गेलाच नाहीत. बाबुराव गेला, नवा माणूस आला. त्याला सांगून ठेवलंय की अनोळखी दिसला की ठोकायचा. मग तुम्ही गेलात तर?"

बोरोल्यांनी फोटोकडे पाहिलं. "म्हणजे तिच्या पोटातला बाबुराव गेला."

"हो. आणि तो आमच्यामुळे गेला. आमची चाचणी झाली तेव्हा तो जागेवर होता. वहिनींना काही झालं नसतं. आम्ही उगीच लाल खूण दिली, त्यांनी इमानाने पाळली, म्हणून ते अन्न परकं झालं. तुम्ही दिलेले दोन दाणे शेवटी आले. सुरुवात आम्ही केली होती. मी केली होती."

बोरोले उठले. फोटोपाशी गेले, परत आले.

"मग मी नाही मारलं तिला."

"नाही."

ते रडले नाहीत. खिशातून फोन काढला आणि कित्येक महिन्यांत न लावलेला नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर पलीकडे कोणीतरी उचलला.

"नीलू, ठेवू नकोस," ते घाईने म्हणाले. "नाशिकच्या मोठ्या डॉक्टर मॅडम घरी आल्यात. त्या स्वतः सांगतायत, आईचं पत्र खोटं होतं. तिला काही नव्हतंच. अगं, तुझंही तसंच असणार. तुलाही तेव्हाच लाल खूण आली ना? ते सगळंच खोटं, बाळा. तू खा आता, खुशाल खा."

हेमांगीबाईंनी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ ओढून घेतला.

"नीलिमाताई, मी हेमांगी पाटसकर. तुम्ही काहीही खाऊ नका."

पलीकडून एक थकलेला, सावध आवाज आला. "बाबा म्हणतात पत्र खोटं आहे."

"मी समजावून सांगते. तुमची चाचणी झाली तेव्हा..."

"मॅडम, मला शास्त्र कळत नाही. माझ्या मनगटावरची ही खूण आज बरोबर आहे की चूक? तेवढं सांगा."

बाईंनी बोरोल्यांकडे पाहिलं. ते आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जणू बाईंच्या एका शब्दात मुलगी परत येणार होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"आणि आईची? गेल्या हिवाळ्यात?"

"तेव्हा बरोबर होती. पण ऐका, नीलिमाताई, त्याच्या आधी..."

"मग बाबांना खोटा धीर देऊ नका," नीलिमा म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "ते भोळे आहेत. लगेच विश्वास ठेवतात."

फोन बंद झाला. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

बोरोले खाटेवर बसले. "तुम्ही तिला म्हणालात, बरोबर आहे."

"ती खाईल म्हणून म्हणाले, भाऊ. तिने खाल्लं तर आज ती मरेल. आणि ते खरंच आहे, आज ते बरोबर आहे. पण तुम्हाला जे सांगितलं तेही..."

"असेल, मॅडम," ते हळूच म्हणाले. "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला दोन्ही खरं वाटत असेल. मला एका वेळी एकच खरं कळतं."

त्यांनी फोन परत घेतला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि खिशात ठेवला. बाहेर रस्त्यावरून लाउडस्पीकर लावलेली एक गाडी हळूहळू जात होती. उद्या सकाळी नगरपालिकेत नवजात बाळांची मोफत ताटचाचणी आहे, मातांनी वेळेवर यावं, असं ती सांगत होती, आणि शेवटी डॉ. हेमांगी पाटसकरांचं नाव घेत होती.

बोरोल्यांनी ते ऐकलं. ते बाईंकडे वळून बघत राहिले, आणि बाईंना उठवेना.