तात, चल घरी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.

कारण ज्या बाईबद्दल लिहितोय, ती माझ्यापासून चार घरं सोडून राहते. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालोय. तिच्याबद्दल वाकडं बोलायला जीभ रेटत नाही.

पण घडलंय ते खरं आहे. पटो न पटो.

रात्र नव्हती. मागल्याच्या मागल्या मंगळवारी, भर दुपारी, आमच्या चुआसिवान गावावरच्या टेकाडावर हे सुरू झालं.

ते नुसतं टेकाड नाही. आत जुन्या राजांचं देऊळ आहे. आमच्याच वाडवडलांनी दगडावर दगड रचून बांधलेलं. हजार वर्षांत वर माती चढली, पाइनची झाडं उगवली. जानेवारीपासून राजधानीतल्या एक मॅडम तिथं खोदकाम करत होत्या. मी आणि माझा मित्र बाल्तासार, दोघंही मजुरीला होतो.

आमच्यात एक पद्धत आहे. खड्ड्यातून निघताना मातीवर काठी आपटायची आणि स्वतःचं नाव घ्यायचं. "चल लोरेन्सो, चल घरी. इथं थांबू नको." नाहीतर माणूस घरी जातो आणि जीव खड्ड्यातच राहतो.

"नाव घे रे," मी त्याला चिडवायचो. "नाहीतर राजाची राणी ठेवून घेईल तुला."

"ठेवू दे. तुझं तोंड तरी बघावं लागणार नाही रोज."

पण घ्यायचा. रोज न चुकता घ्यायचा.

त्या मंगळवारी नाही घेतलं.

आदल्या दिवशीच खाली एक कवटी सापडली होती. जुनी. तोंडात हिरवा मणी ठेवलेला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फोटो काय, टाळ्या काय. मंगळवारी बाल्तासार खड्ड्याची बाजू रुंद करत होता. फार वरच, गुडघाभर मातीत, त्याच्या हाताला काहीतरी लागलं.

टायरची चप्पल.

आणि चपलेत… पायाची हाडं.

मॅडमनी वाकून बघितलं. "हे वरच्या थरातलं. नवं आहे. पिशवीत घालून बाजूला ठेव."

नवं.

बाल्तासारने पिशवीत घातलं, बाजूला ठेवलं, खड्ड्यातून वर आला आणि काही न बोलता घरी निघून गेला. काठी तिथंच पडून होती.

पुढचं मला त्याच्या आईने सांगितलं. नान मिकाएलाने. आईच्या वयाच्या बाईला आम्ही नान म्हणतो.

ती अंगणात मागावर कापड विणत बसली होती. पोरगा आला, आत जाऊन आडवा झाला. जेवला नाही. रात्रभर डोळे उघडे. सकाळी हात लावला तर हात गार, आणि तो तिच्याकडे बघत होता ते भिंतीकडे बघावं तसं.

तिला कळायचं ते कळलं. आणि काय करायचं तेही तिला ठाऊक होतं. त्याचा घामाचा शर्ट घ्यायचा, जीव राहिलाय तिथं जायचं, हाक मारायची आणि मागं वळून न बघता घरी यायचं. हाक आईचीच लागते.

बुधवारी दुपारी ती एकटीच वर गेली. आम्ही सगळे खाली जेवायला उतरलो होतो. दरीतून धुकं चढत होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी.

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. नातू म्हणजे आजोबांच्या जागी आलेला माणूस. मिकाएलाचा बापही बाल्तासारच. ब्याऐंशी साली आमच्याच सरकारचे सैनिक गावोगावची माणसं उचलत होते, त्यालाही घरातून घेऊन गेले. ती सात वर्षांची होती. तो परत आला नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, पुरला म्हणावं तर जागा माहीत नाही.

म्हणून पोरगा झाला तेव्हा तिने बापाचं नाव ठेवलं. आणि लहान पोराला लाडाने बाबा म्हणावं, तशी ती त्याला पहिल्यापासून 'तात' म्हणायची. तात म्हणजे बाप.

धुक्यात, खड्ड्याच्या काठावर, तिने मातीवर फांदी आपटली. तोंडातून सवयीचीच हाक निघाली.

"तात, चल. चल घरी. इथं थांबू नको."

तीनदा.

आधी काहीच नाही.

मग खड्ड्यात… माती सरकली.

हातातला शर्ट जड झाला. ओला कपडा होतो तसा.

ती वळली आणि उतरायला लागली. मागून आवाज येत होता.

फट… फट… फट…

जीवाला पाय नसतात, हे तिला माहीत होतं. बाल्तासारचे गमबूट घरी दारातच होते, हेही माहीत होतं. आणि टायरची चप्पल आमच्या गावात तीस वर्षांत कुणी घातलेली नाही.

तिने मागं बघितलं नाही.

घरी येऊन तिने शर्ट पोराच्या छातीवर ठेवला. त्याने डोळे मिटले. उघडले. उठून बसला. तिला रडू आवरेना.

"भूक लागली का तात? थांब, भाकरी टाकते."

तो उठला. कोपऱ्यातला पाण्याचा हंडा उचलला आणि पेटत्या चुलीवर… रिकामा केला.

"सैनिकांना धूर दिसेल, केल," तो म्हणाला.

केल.

या नावाने तिला जगात एकच माणूस हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी त्यांच्या घरी गेलो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काय रे, सोडलं का राणीने?"

तो दाराआड बसला होता. माझ्याकडे बघून त्याने तिला हळूच विचारलं, "हा कुणाचा? विश्वासाचा आहे का?"

मला हसू आलं. मग त्याचे डोळे दिसले आणि हसू गेलं.

रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तो तिला ओढून खाटेखाली घालतो. आणि रोज एकदा विचारतो, "लहान्या कुठाय?"

लहान्या म्हणजे तिचा भाऊ. बापाला नेल्यावर बाकीचे डोंगरात लपले होते. तिथं उपाशी मेला तो. दीड वर्षाचा.

"झोपलाय," ती सांगते. रोज सांगते.

तिने मला सगळं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "नान, हा बाल्तासार नाही."

"बाल्तासारच आहे." माग चालूच होता.

"तुमचा मुलगा वर राहिलाय. चला. या वेळी नाव घेऊन बोलवा. माझ्या पोटचा म्हणून बोलवा."

"मग हा जाईल."

तिने धागा ओढून घट्ट केला.

"त्याला नेलं तेव्हा तीन दिवस दारात उभी राहून हाका मारत होते, लोरेन्सो. घसा फुटला. कुणी आलं नाही. आता आलाय, तर तू मला सांगतोस, परत पाठव?"

"आणि पोराचं काय?"

माग थांबला.

"तो तरुण आहे," ती म्हणाली. "कळ काढेल थोडी."

राजाची कवटी कापसात गुंडाळून जीपमधून राजधानीला गेली. ती पिशवी अजून शेडमध्ये आहे, वर मार्करने लिहिलंय, 'नवं'. खोदून झालं की माती परत लोटतात. येत्या शनिवारी लोटणार. मग खाली राहिलेल्याला हाक पोचायची नाही.

आज पुन्हा गुरुवार. दुपारी मी एकटा वर गेलो. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. काठावर बसून हाक मारली, "बाल्तासार."

किडे ओरडत होते… ते थांबले.

"लोरेन्सो? किती वेळ लावलास?"

त्याचाच आवाज. झोपेतून उठल्यासारखा. मातीखालून.

मी काठावरून खाली वाकलो. म्हणालो, "ये ना वर."

"तुझ्या हाकेने नाही येता येत. आईला सांग. त्या दिवशी ऐकलं मी तिला. उठलोही होतो. पण ती दुसऱ्याच कुणाला तरी बोलवत होती."

मी धावत खाली आलो. दार लोटलं.

ती जमिनीवर बसली होती. पन्नाशीची बाई, डोळे मिटून. तो मागे बसून तिची वेणी घालत होता. माझ्या मित्राचे हात, कुदळीने घट्टे पडलेले. इतके हळू चाललेले मी ते हात कधी बघितले नव्हते.

"नान, तो वरून बोलला माझ्याशी. तुम्हाला बोलावतोय. शनिवारी बुजवणार आहेत."

तिने डोळे उघडले नाहीत.

"शनिवारनंतर बघू," ती म्हणाली.

मी पुन्हा वर गेलो. का गेलो माहीत नाही. त्याला तसं वाट बघत ठेवणं जमेना. ऊन उतरत होतं. मी अजून हाकही मारली नव्हती… आणि खालून आवाज आला.

"आणलंस आईला?"

"उद्या आणतो," मी म्हणालो. "शब्द देतो तुला."