क्लेमचा दोर

“दोराला रेनकोट घातलास होय गं पोरी? आतल्या आत शिजेल तो.”

शेजारच्या बोटीवर एकटे राहणारे म्हातारे क्लेम म्हणाले होते. मी हसले होते.

हे माझ्यासमोर घडलंय, माझी लेक कडेवर असताना. पटलं नाही तरी शेवटपर्यंत वाचा. मला तुमची गरज आहे.

टास्मानियातली ह्युऑन नदीची खाडी. जूनमधला शुक्रवार. आम्ही शिडाच्या बोटीवरच राहायचो. बोट बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, जाड नायलॉनच्या दोराने बांधलेली. दोर बोटीच्या कडेला घासतो तिथे मी प्लास्टिकचा पाइप चढवला होता.

“कॅनव्हास गुंडाळ,” क्लेम मागे लागायचे. “नायलॉन ताण बसून तापतो. गार राहायला त्याला पाणी लागतं.”

“तुमच्या कॅनव्हासला मेलेल्या माशाचा वास येतो, त्याचं काय?”

“येऊ दे. मला काय लग्नाला जायचंय?”

त्या दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. माझा नवरा कॅलम कामावर होता. किनाऱ्यावर जायची आमची एकमेव छोटी होडी तोच घेऊन गेलेला. बोटीवर, खाली केबिनमध्ये, मी आणि दीड वर्षाची एडी.

दोर करकरत होता.

करकर... करकर...

मग थांबला.

वारा तसाच. दोर मात्र गप्प.

आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला...

वर डेकवर जाऊन दोर बघायला हवा होता. पण एडीला ठेवू कुठे? बोट इतकी कलंडत होती की ती आपटली असती. कॅलमचा फोन लागेना. रेडिओवर बचाव पथकाचा माणूस म्हणाला, “ताई, या वाऱ्यात आम्हाला वेळ लागेल. बाळाला लाइफ जॅकेट घाला.”

तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली...

पुढच्या टोकाकडे जाणारी. एक पाय ओढत. क्लेमची चाल.

“क्लेम? तुम्ही आहात का?”

फक्त काहीतरी जड ओढल्याचा आवाज...

मी खिडकीतून पाहिलं.

क्लेमची बोट सुटली होती. आमच्या जवळून खडकांकडे वाहत चालली होती.

आणि क्लेम तिच्या सुकाणूपाशी उभे होते. माझ्याकडे बघत.

डोक्यावर पावलं चालूच...

मी काच बडवली. ओरडले. रेडिओवर ओरडले. दुसरं काहीच करता येत नव्हतं.

वारा पडल्यावर कॅलम आला. त्याने पाइप कापला. आतला दोर वितळून तुटला होता.

तरीही आम्ही बोयालाच होतो. दुसऱ्या दोराने. त्यावर कॅनव्हास गुंडाळून शिवलेलं... मेलेल्या माशाचा वास.

क्लेमची बोट खडकांवर सापडली. रिकामी. त्यांची होडी तिच्याच मागे बांधलेली. त्यांच्या बोयावर दोराचा तुकडासुद्धा नव्हता.

क्लेम आजवर सापडलेले नाहीत.

त्यानंतर पश्चिमेचा वारा आला की डेकवर ती पावलं यायची. मला सहन होईना. आम्ही बोट विकली, एका तरुण जोडप्याला. त्यांना तान्हं बाळ आहे. मी बजावलं होतं, तो दोर काढू नका.

काल त्या मुलीचा मेसेज आला. “डेकवर कोणीतरी चालतं गं. त्या घाणेरड्या दोरामुळेच असणार. सोडून पाण्यात फेकला, नवा नायलॉनचा बांधला. आता शांत आहे.”

आज सकाळपासून पश्चिमेचा वारा आहे. ती फोन उचलत नाही.

बोट आता त्यांनी नेलीय ती टास्मानियातल्याच ब्रूनी बेटाच्या दक्षिणेच्या खाडीत. निळी बोट, पांढरं शीड. तिथे जवळ कोणी असाल तर आत्ता जाऊन बघा.

आत बाळ आहे.